पाण्याच्या वाटेने: कृष्णराजनगर परिसरातील सायकल-प्रवास



सायकलीने कोठे जावे, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. विचारणाऱ्याची अपेक्षा साधारणपणे अशी असते की, मी काही गावांची नावे सांगावीत, अंतरे सांगावीत आणि वाटेत चहा कोठे मिळतो हेही सांगावे. ही माहिती उपयुक्त आहे आणि तिच्यातील काही मी आज देणारही आहे. परंतु एखाद्या प्रदेशातून सायकलीने जायचे म्हणजे तो प्रदेश कसा घडला याची थोडी तरी कल्पना मनात असली पाहिजे. तशी कल्पना असली की वाट आपोआप सुचते. म्हैसूर जिल्ह्यातील कृष्णराजनगरचा परिसर या दृष्टीने उत्तम उदाहरण आहे. कारण येथील जमीन, पीक, देवळे आणि रस्ते या सर्वांचा उलगडा एकाच गोष्टीने होतो. ती गोष्ट म्हणजे कावेरीचे पाणी.

कृष्णराजनगर म्हैसूरच्या वायव्येस सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. म्हैसूर-हासन लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. जुने गाव एडतोरे हे अगदी नदीकाठचे. तेथील अर्केश्वराचे देऊळ आजही कावेरीच्या तीरावर उभे आहे. १९२४ साली कावेरीला महापूर आला आणि त्यानंतर नदीपासून काहीसे दूर नवे नगर वसविण्यात आले. महाराज चौथे कृष्णराज वडियार यांचे नाव त्याला मिळाले. सायकलस्वाराने आपला प्रवास नव्या नगरातून सुरू न करता एडतोरेच्या घाटापासून करावा, असे मी सुचवीन. नदीने माणसांना मागे हटविले ते ठिकाण एकदा पाहिले म्हणजे पुढे माणसांनी नदीला कसे वळविले हे समजणे सोपे जाते.

कन्नड भाषेत ‘कट्टे’ या शब्दाचा एक अर्थ बांध किंवा बंधारा असा आहे. या भागातील कितीतरी स्थळनामांच्या शेवटी हा शब्द येतो. नदीच्या पात्रात आडवा दगडी बंधारा घालावयाचा, पाण्याची पातळी थोडी उंचवावयाची आणि ते पाणी काठाकाठाने कालव्यात सोडावयाचे, अशी ही जुनी पद्धत आहे. मोठी धरणे होण्यापूर्वीच या पद्धतीने येथे भातशेती फुलली होती. चामराज, मिर्ले, रामसमुद्र अशा नावांचे कालवे आजही या परिसरात वाहतात आणि त्यांच्यामुळेच या भागाला म्हैसूर जिल्ह्याचे भाताचे कोठार म्हटले जाते.

आता या कालव्यांचा सायकलशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. असा कालवा स्वतःच्या भाराने वाहतो. त्याला पंप लागत नाही. म्हणून तो टेकडीच्या अंगाने, समान उंची धरून, वळणे घेत जातो आणि त्याचा उतार डोळ्यांना जाणवणार नाही इतका थोडा असतो. त्याच्या काठची वाटही तशीच जाते. ज्याच्या पायांत फार बळ नाही, ज्याची सायकल साधी आहे, त्याला याहून सोयीची वाट सापडणे कठीण. शिवाय या वाटेवरून जाताना एक दृश्य सतत सोबत करते. कालव्याच्या खालच्या अंगास भाताची हिरवी खाचरे आणि वरच्या अंगास नाचणी, कुळीथ यांची कोरडवाहू शेते. मध्ये रुंदी जेमतेम काही हात. पाणी मिळालेली जमीन आणि न मिळालेली जमीन यांमधली सीमारेषा इतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते. मोटारीतील प्रवासी ती पाहू शकत नाही. तो एका क्षणात ती ओलांडून जातो. सायकलस्वार मात्र त्या रेषेवरूनच चाललेला असतो.

पहिली वाट चुंचनकट्ट्याची. कृष्णराजनगरपासून हे स्थान सुमारे पंधरा किलोमीटरवर आहे. येथे कावेरी खडकांवरून खाली झेपावते. वर कोदंडरामाचे देऊळ आहे. चुंच आणि चुंची नावाच्या वनवासी दांपत्याने राम, सीता व लक्ष्मण यांचे येथे आदरातिथ्य केले, अशी कथा सांगतात. देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर धबधब्याचा आवाज ऐकू येत नाही, असेही सांगितले जाते. ते प्रत्येकाने स्वतः पडताळून पाहावे. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबा भरात असतो. संक्रांतीच्या सुमारास येथे गुरांची मोठी जत्रा भरते, आणि त्या दिवसांत रस्त्यावर बैलांचा हक्क पहिला, हे सायकलस्वाराने मुकाट्याने मान्य करावे. येथून साळिग्रामला जाता येते. रामानुजाचार्यांच्या वास्तव्याची परंपरा या गावाशी जोडलेली आहे. मिर्ल्यावरून परत फिरले की अर्ध्या दिवसाची सुरेख फेरी पूर्ण होते.

दुसरी वाट पूर्वेकडे, जलाशयाच्या दिशेने जाते. कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ साली सुरू झाले आणि दोन दशकांनंतर ते पूर्णत्वास गेले. विश्वेश्वरय्यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडलेले आहे. हेमावती आणि लक्ष्मणतीर्थ या नद्या कावेरीला मिळतात तो प्रदेशच या जलाशयाने व्यापला. सागरकट्टे येथे या पाण्याचा विस्तार असा पसरतो की, काठावर उभे राहणाऱ्याला क्षणभर समुद्रकाठी आल्यासारखे वाटावे. ज्यांनी कोकणच्या किनाऱ्यावरून सायकल चालविली आहे त्यांना येथे एक साम्य जाणवेल. कोकणात वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा ठिकाणी खाडी रस्ता अडवते आणि सायकल फेरीबोटीत चढवावी लागते. येथेही पाणी गावांच्या मध्ये शिरले आहे. समोर दिसणारे गाव पाण्याच्या रेषेत जवळ असते, पण रस्त्याने बरेच लांब असू शकते. म्हणून नकाशावरील सरळ अंतरावर विसंबून वेळेचा हिशेब करू नये. याच बाजूला निघताना दोरनहळ्ळीचे संत अँथनीचे देवालय पाहता येते. २०१९ साली त्याला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. राम, अर्केश्वर आणि संत अँथनी हे तिघेही एका दिवसाच्या सायकल-प्रवासात भेटतात, ही या परिसराची थोरवी होय.

तिसरी वाट मी सांगतो ती टाळण्यासाठी. बिळिकेरेहून कृष्णराजनगर, भेर्य, होळेनरसीपूर असा हासनकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग रुंद आणि गुळगुळीत आहे. नवख्या सायकलस्वाराला त्याचा मोह पडतो. परंतु तेथे वाहने वेगाने धावतात. अपरिहार्य असेल तेथे तो ओलांडावा, आणि थोडे अंतर जावेच लागले तर पहाटे जावे.

ऋतूंविषयी दोन शब्द. जून ते ऑगस्ट या काळात वारा पश्चिमेकडून जोरात वाहतो. तेव्हा सकाळी ताजेतवाने असताना पश्चिमेकडे जावे आणि दमल्यावर वारा पाठीशी घेऊन परतावे. सुगीनंतर, विशेषतः जानेवारीत, शेतकरी नाचणीची कणसे आणि कुळथाचे वेल डांबरी रस्त्यावर पसरतात. वाहनांच्या चाकांखाली आयती मळणी होते. दुचाकीला हे धोक्याचे आहे. काड्या साखळीत गुंततात आणि चाक घसरते. अशा वेळी उतरून सायकल हाती धरावी. रागावण्याचे कारण नाही. खळ्यासाठी जागा आणि मजूर दोन्ही दुर्मीळ झाल्याची ती खूण आहे.

येथवर मी पाहुण्याच्या सोयीचे बोललो. आता ज्यासाठी हे व्याख्यान द्यावेसे वाटले त्या मुद्द्याकडे येतो. या सर्व वाटांवर आपल्याला सर्वांत अधिक भेटणारे सायकलस्वार कोण आहेत? ते शाळेत जाणारी मुले-मुली आहेत, दूध घालायला निघालेले शेतकरी आहेत, पाणी सोडण्यासाठी कालव्यावर जाणारे लोक आहेत. कर्नाटक शासनाने २००६-०७ पासून सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली देण्यास आरंभ केला होता; महासाथीच्या काळात ते वाटप थांबले. बिहारमध्येही २००६ साली मुलींसाठी अशीच योजना सुरू झाली. तिचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एका साध्या यंत्राने घर आणि शाळा यांमधील अंतर कमी केले, एवढाच याचा अर्थ.

परंतु सायकल दिली आणि रस्ता तसाच ठेवला, तर काम अर्धेच झाले असे म्हणावे लागेल. कालव्याकाठच्या रस्त्यांना कित्येक ठिकाणी कठडे नाहीत. शेजारच्या मंड्या जिल्ह्यात, पांडवपूर तालुक्यात, २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये एक बस कालव्यात कोसळली आणि तीस माणसे मृत्यू पावली. त्यांत शाळेची मुलेही होती. जेथे बस पडू शकते तेथे बारा वर्षांची मुलगी संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात सायकल चालवीत घरी येते, हे आपण विसरता कामा नये.

पर्यटकांसाठी सायकल-मार्ग आखावेत, त्यांवर फलक लावावेत, अशा सूचना अधूनमधून होतात. माझा त्यांना विरोध नाही. मात्र प्रारंभ शाळेच्या वाटेपासून करावा, एवढेच माझे म्हणणे आहे. कालव्याच्या वळणावर कठडा, पुलाच्या तोंडाशी दिवा, महामार्ग ओलांडण्याच्या जागी वाहनांना वेग कमी करण्यास भाग पाडणारी रचना, ही कामे खर्चाने लहान आहेत. ती झाली तर चुंचनकट्ट्याला जाणारा पाहुणाही त्याच रस्त्याने निर्धास्तपणे जाईल. वेगळा मार्ग त्याच्यासाठी बांधावा लागणार नाही.

तेव्हा आपण या परिसरात सायकल घेऊन गेलात, तर देवळे, धबधबा, जलाशय अवश्य पाहा. त्याबरोबर एक लहान वही जवळ ठेवा. कठडा कोठे तुटला आहे, रस्त्याचा काठ कोठे खचला आहे, मुले महामार्ग कोठे ओलांडतात, हे तीत लिहा आणि परत येताना ते त्या त्या ग्रामपंचायतीच्या कानावर घाला. ज्या वाटांनी आपल्याला आनंद दिला, त्यांचे आपण इतके तरी देणे लागतो.