लाज कोणाची?
(एकसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकांविषयी दिलेले व्याख्यान)



चित्रपटांच्या पारितोषिकांविषयी या सभेत बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. ३ मे २०१४ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ही पारितोषिके देण्यात आली. मानकऱ्यांची यादी वाचताना माझी नजर तीन नावांवर थांबली.

उत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक दोघांत विभागून दिले गेले. राजकुमार राव यांनी ‘शाहिद’मध्ये वकील शाहिद आझमी यांची भूमिका केली. दहशतवादाच्या आरोपाखाली अडकलेल्या गरिबांचे खटले लढविणाऱ्या या वकिलाचा २०१० साली मुंबईत त्याच्या कचेरीतच खून झाला. दुसरे मानकरी केरळचे सुरज वेंजारमूडू. विनोदी नट म्हणून ख्याती पावलेल्या या कलावंताने एका मल्याळी चित्रपटात सफाई कामगार उभा केला. या दोन निवडींनी मला समाधान वाटले. ज्यांच्याकडे पाहण्याचे समाज टाळतो, त्यांच्याकडे राष्ट्राला पाहावे लागले.

परंतु तिसऱ्या नावाने मला अंतर्मुख केले. ‘फँड्री’तील जब्याच्या भूमिकेसाठी सोमनाथ अवघडे या ग्रामीण मुलास बालकलाकाराचे पारितोषिक विभागून मिळाले, आणि नागराज मंजुळे यांस पहिल्या चित्रपटाच्या दिग्दर्शनाचे. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. शाळकरी जब्याला वर्गातील मुलामुलींच्या देखत बापाबरोबर डुकरे धरावी लागतात. तो लपतो, आणि गाव हसते. पुढे मेलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते. त्या भिंतीवर फुले आणि बाबासाहेब यांची चित्रे आहेत.

आज मला आपणांसमोर एक कबुली द्यावयाची आहे. चित्रपटगृहात डुकरामागची ती धावपळ पाहून प्रेक्षक हसले, आणि मीही हसलो. क्षणभरानेच माझ्या ध्यानी आले की, मी त्या गावच्या लोकांत जाऊन बसलो आहे. माझे आजोबा मेलेली ढोरे ओढीत असत. ही गोष्ट मी माझ्या मुलांना कधीच सांगितली नव्हती. का? मला लाज वाटत होती.

बंधूंनो, १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते काम सोडण्यास सांगितले, आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी बहिष्कार सोसून ते सोडले. काम सुटले, परंतु त्याची लाज आपण अद्याप उराशी बाळगून आहोत. ही लाज आपली नव्हेच. ज्यांनी ते काम जन्मावरून लादले आणि वर नाक मुरडले, त्यांची ती आहे. चित्रपटाच्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड प्रेक्षकांच्या दिशेने येतो. कोणावर दगड उचला, असे मी सांगत नाही. त्या दगडाने लाजेची दिशा फिरविली, एवढेच मला सांगावयाचे आहे.

पारितोषिकांनी जातीयता नष्ट होत नाही. सभागृहात टाळ्या वाजविणारे आपल्या गावी जाऊन कसे वागतात, यावरच त्यांची परीक्षा होईल. आपलीही परीक्षा आहे. नवा धम्म स्वीकारणाऱ्या कुटुंबाने जुना इतिहास लपवू नये. आज घरी गेल्यावर मुलांना जवळ बसवा आणि आजोबांनी काय सोसले, काय सोडले, हे ताठ मानेने सांगा. त्या रात्री मी तेच केले. माझी मुलगी एवढेच म्हणाली, “मग आजोबा शूर होते.”

जयभीम.