गोमंतकांतील न्यायासनें

पूर्वीं गांवचे तंटे गांवकरीच्या बैठकींत मिटत. तिसवाडीच्या गांवकरांचे रिवाज अफोंसो मेशिया यानें १५२६ सालीं ‘फोराल’ या लेखांत नोंदविले. १५४४ मध्यें ‘रेलासांव’ हें वरिष्ठ न्यायासन गोव्यांत स्थापन झालें. मोझांबिकपासून मकावपर्यंतचीं अपिलें येथें येत. पण न्यायाची भाषा पोर्तुगीज. ज्याच्या जमिनीचा निवाडा होई, त्यालाच तो वाचून घेण्यास दुसऱ्याचें दार गांठावें लागे. यापरता परकेपणा कोणता?

१८७० पासून पोर्तुगालची दिवाणी संहिता लागू झाली. हिंदूंचे विवाह, दत्तक, एकत्र कुटुंब यांविषयींचे कांहीं आचार १८८० च्या निराळ्या संहितेनें राखले. मुक्तीनंतर १९६३ मध्यें रेलासांव जाऊन ज्युडिशियल कमिशनरचें कोर्ट आलें, व १९८२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ पणजीस बसलें.

सत्ता गेली, तरी मुलगामुलगी समान वाट्याचें त्या संहितेंतील तत्त्व गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यानेंही राखलें आहे. व्यवहारांत मात्र वाटणीच्या वेळीं बहिणीकडून हक्कसोडीचा दस्त लिहून घेण्याची चाल अनेक घरांत आहे. तो कागद सहीपूर्वीं तिला कोणत्या भाषेंत वाचून दाखवितात, हें ज्यानें त्यानें आपल्या घरीं पाहावें.