तापाच्या नोंदी

श्रोतेहो, युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तोफा, रणगाडे आणि शौर्यपदके येतात. कवींनी गायिले तेही हेच. मीही त्याच जमातीतला. पण लष्करी वैद्यकीय ग्रंथालयांतली जुनी दप्तरे एक वेगळे युद्ध सांगतात. ते थंडीतापाचे आणि हगवणीचे असते.

दुसऱ्या महायुद्धातला ब्रह्मदेशाचा मोर्चा घ्या. १९४३ साली तिथे एक जखमी सैनिक मागे पाठवला जाई, तेव्हा १२० आजारी सैनिक पाठवावे लागत. एकट्या हिवतापाचे वार्षिक प्रमाण एकूण सैन्यसंख्येच्या ८४ टक्के होते. सेनापती स्लिम यांनीच हे आकडे दिले आहेत. जपान्यांशी गाठ पडण्याआधीच आपली फौज डासांपुढे हरत होती. हे आकडे परक्यांचे नाहीत बरे का! याच मोर्चावर मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाक येथे मराठा पलटणीची चौथी बटालियन लढली.

उपाय ठरले ते या नोंदींवरून. रोज मेपाक्रिनची गोळी, दिवस मावळला की बाह्या खाली, आणि आजाऱ्याला शेकडो मैल मागे न धाडता आघाडीजवळच उपचार. गोळ्या घेतल्या जातात की नाही, याची अचानक तपासणी होई. कसूर झालेल्या तीन पलटणींच्या प्रमुखांना स्लिम यांनी घरी बसवले. १९४५ मध्ये रोज आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण हजारी एकावर आले. दवाखान्याच्या तंबूत कंदिलाच्या उजेडात कोणी कारकून नाव, पलटण, ताप, तारीख लिहीत बसला असेल. त्याला कोणी पदक दिले नाही, पण त्या लिहिण्याने माणसे वाचली.

या नोंदींतून पुढे भारतीय सेनादलांच्या वैद्यकीय सेवांचा अधिकृत इतिहास तयार झाला. लेफ्टनंट कर्नल बी. एल. रैना त्याचे संपादक. प्रशासन, रोगप्रतिबंध, शस्त्रक्रिया, आकडेवारी असे त्याचे जाडजूड खंड स्वातंत्र्यानंतर निघाले. मला त्यात मोलाची वाटते ती प्रकाशकाची ओळ. हे काम भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांच्या संयुक्त इतिहास विभागाचे आहे. १९४७ साली पलटणी वाटल्या गेल्या, तोफा वाटल्या गेल्या, कचेऱ्यांतल्या टेबलखुर्च्यांचेही हिशेब झाले. काश्मीरमध्ये लढाईही झाली. तापाची वही मात्र वाटता आली नाही. एकाच तंबूत शेजारी शेजारी कण्हणाऱ्या दोघांपैकी उद्या कोण कोणत्या देशाचा, हे त्या वहीला ठाऊक नव्हते.

फाळणीनंतर वर्षाच्या आतच, १ मे १९४८ रोजी, पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. आज लष्कराचे डॉक्टर तिथे घडतात आणि मागच्यांनी लिहून ठेवलेल्या अनुभवाच्या आधारानेच शिकतात.

अशा दप्तरांत सैनिकाचे नाव बहुधा गळते आणि आकडा उरतो. म्हणून एक उरलेले नाव सांगतो. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस हे लष्करी डॉक्टर हिवतापाचा शोध घेत होते. तेव्हा आपला वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचाच मुलूख. हुसेन खान नावाच्या तापकरी माणसाने डासांना आपले रक्त पिऊ दिले. मोबदला दर डासामागे एक आणा. त्यातल्याच एका डासाच्या जठरात २० ऑगस्टला रॉस यांना हिवतापाचे जंतू सापडले. १९०२ साली रॉस यांना नोबेल मिळाले. हुसेन खानाच्या वाट्याला आणेच आले. पण त्याचे नाव लिहिले गेले, म्हणून सव्वाशे वर्षांनंतर मी ते आपल्यापुढे घेऊ शकतो.

श्रोतेहो, अशा ग्रंथालयाची एक फांदी आपल्या गावांतही आहे. तिवसा, मोर्शी, चांदूरकडच्या कितीतरी घरांत पलटणीतून आलेल्या आजोबांची लोखंडी पेटी असते. तिच्यात सेवापुस्तक असते, दवाखान्यातून सुटी मिळाल्याचा कागद असतो. जखम कुठे झाली, आजार कोणता, हे त्यावर लिहिलेले असते. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचा दावा अशाच कागदांवर उभा राहतो किंवा कोसळतो. दिवाळीच्या साफसफाईत हीच कागदे रद्दीत जातात, कारण इंग्रजी मजकूर घरात कोणी वाचलेला नसतो.

तेव्हा एवढेच करा. पेटी उघडा. गावातल्या शिकल्यासवरल्या पोराकडून ते कागद मोठ्याने वाचून घ्या, घरातल्या म्हाताऱ्या आजीला ऐकू जाईल असे. त्यांच्या झेरॉक्स काढून ठेवा. काही हक्क राहिला असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. आणि मूळ कागद कोणालाही देऊ नका; ते पुन्हा पेटीतच ठेवा.