घरातल्या कासवाचे ऊन



इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यात सेलबोर्न नावाचे एक खेडे आहे. तेथील धर्मोपदेशक आणि निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांच्याकडे १७८० साली, त्यांच्या आत्याबाई निवर्तल्यावर, त्यांचे कासव आले. टिमथी हे त्याचे नाव. (टिमथी वास्तविक मादी होती, हे तिच्या मृत्यूनंतर कवच तपासले तेव्हा उमगले. ते कवच लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे.) व्हाइट यांनी लिहून ठेवले आहे, की ऐन उन्हाळ्यात हे कासव कोबीच्या पानाखाली सावली धरून बसे. शरद ऋतूत सूर्य खाली कलला, की तेच कासव भिंतीशी जाई आणि भिंतीला रेलून आपली पाठ तिरपी करी, म्हणजे क्षीण झालेले ऊन पाठीवर अधिक सरळ पडे.

घरात पाळलेल्या कासवाला ऊब कशी द्यावी, या आजच्या विषयाचे सार या दोन नोंदींत आहे. कासवाला ऊब हवी असते, परंतु तेवढीच सावलीही हवी असते, आणि कोणत्या क्षणी काय हवे ते त्याचे त्यालाच कळते.

थंड रक्ताचा प्राणी म्हणजे भोवतालच्या हवेइतकाच गार अथवा गरम होणारा प्राणी, अशी समजूत फार काळ होती. कौल्स आणि बोगर्ट या दोघा अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञांनी वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांवरील आपले काम १९४४ साली प्रसिद्ध केले आणि ती समजूत मोडली. उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात जा-ये करून हे प्राणी शरीराचे तापमान बऱ्याच अरुंद मर्यादेत राखतात, असे त्यांनी दाखवून दिले. कासवाचेही तसेच आहे. भूमध्य सागराकाठची कासवे शरीराचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आले, की चरू लागतात. तेवढी ऊब नसेल तर खाल्लेले पचत नाही, पोटात कुजते. रोगप्रतिकारशक्ती मंदावते आणि नाक वाहू लागते.

विसाव्या शतकात मोरोक्को, तुर्कस्तान व युगोस्लाव्हियातून अशी असंख्य कासवे जहाजांनी ब्रिटनमध्ये नेण्यात आली. युरोपीय समूहाने १९८४ साली हा व्यापार बंद केला. तोवर कितीतरी कासवे दुसरा वसंत न पाहता मेली. माझ्या मते कडाक्याच्या थंडीहून घातक ठरली ती घरातली कोमट हवा. १५ अंशांच्या दिवाणखान्यात कासवाला धड झोप लागत नाही आणि धड भूकही लागत नाही. ते जागेच राहते, अंगातला साठा जाळते आणि महिनोन्‌महिने झिजत जाते. पाहणाऱ्याला मात्र ते शांत बसले आहे असे वाटते.

तेव्हा खोली तापवणे हा उपाय नव्हे. जागेच्या एका टोकाला वरून दिवा टांगावा. त्याखाली, कासवाच्या पाठीच्या उंचीवर, तापमापक ३२ ते ३५ अंश दाखवील इतक्या अंतरावर तो असावा. दुसऱ्या टोकाला २० अंशांच्या आसपास राहू द्यावे आणि तेथे लपायला आडोसा ठेवावा. तापमापक भिंतीवर टांगून काही उपयोग नाही. कासव भिंतीवर बसत नाही. दिव्याचा झोत संपूर्ण कासव झाकेल इतका रुंद असावा. अरुंद झोतात पाठीचा माथा भाजून निघतो आणि पाय गारच राहतात. रात्री दिवा बंद करावा. निरोगी, प्रौढ कासवाला रात्रीचे १५ अंश सहज सोसतात. निसर्गातही रात्री गारच असतात.

खालून तापणाऱ्या चटया आणि कृत्रिम तापते दगड विकले जातात, त्यांविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. कासवाच्या जगात ऊन वरून येते. अंग तापले की ते माती उकरून खाली जाते, कारण खाली गारवा असतो. खालीच आच असेल, तर ते सुटकेसाठी आगीकडेच धाव घेते.

ऊब मिळाली तरी प्रकाशाचे काम उरतेच. २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार किरणांनी त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. त्याविना चुना हाडांत आणि कवचात मुरत नाही, कवच मऊ पडते. खिडकीची काच ऊब आत सोडते, हे किरण मात्र अडवते. म्हणून खिडकीतल्या उन्हावर विसंबू नये, आणि काचेची पेटी तर उन्हात मुळीच ठेवू नये. ४० अंशांच्या पुढे कासवाच्या जिवावर बेतते. जंबुपार किरणांची नळी उजेड देत राहिली तरी तिचे किरण हळूहळू ओसरतात, म्हणून ती मुदतीत बदलावी लागते.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. हे सारे भूमध्य कासवांविषयी आहे. पाठीवर चांदण्या असलेले आपले तारा कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित आहे. ते घरी पाळणे गुन्हा आहे. २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या करारानेही त्याला आपल्या पहिल्या परिशिष्टात घातले. ते शीतनिद्रा घेत नाही, म्हणून आता जे सांगतो ते त्याला लावल्यास ते दगावेल.

भूमध्य कासव हिवाळाभर दिव्याखाली जागे ठेवता येते, नाहीतर पुरते झोपवता येते. झोपवायचे तर ते निरोगी असावे आणि आधी काही आठवडे उपाशी ठेवून त्याचे आतडे रिकामे होऊ द्यावे. मग तापमान ५ अंशांच्या आसपास राखावे. शून्याखाली गेल्यास डोळे गमावण्याचा धोका असतो आणि १० च्या वर गेल्यास ते जागे होऊ लागते. इतकी स्थिरता ब्रिटनच्या घरांत कुठल्या माळ्यावर मिळत नाही, म्हणून तेथील कित्येक जाणकार सरळ शीतकपाट वापरतात. हवा खेळावी म्हणून ते रोज एकदा दार उघडतात आणि कासवाचे वजन वेळोवेळी वहीत टिपून ठेवतात.