लेडी मॅकबेथ आणि आनंदीबाई

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी मी 'मॅकबेथ' हा विषय सुचवला, तेव्हा आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो ताई, आर्वीच्या बायकांना स्कॉटलंडच्या राजाचे काय करायचे आहे?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आपल्या स्वयंपाकघरात रोज बोलल्या जाणाऱ्या शब्दांपासूनच सुरुवात करते. कुणी सांगितले एक आणि पोचवले भलतेच, तर आपण म्हणतो, "हिने ध चा मा केला." हिने! त्याने असे सहसा कुणी म्हणत नाही. तेव्हा ही 'ती' कोण, ते आधी पाहू.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवात, पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. वय अवघे अठरा. चुलते राघोबादादा वाड्यातच नजरकैदेत होते. कथा अशी, की दादांनी गारद्यांना लिहून दिले 'धरावे' आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी त्याचे केले 'मारावे'. ती चिठ्ठी आज कुठेही नाही. रामशास्त्री प्रभुणे ह्यांनी चौकशी केली, तेव्हा दोषी ठरवले ते राघोबादादांना. आनंदीबाईंनी अक्षर फिरवले ह्याला त्या काळच्या कागदांतून भक्कम पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. तरी चुलता लोकांच्या स्मरणात 'काका, मला वाचवा' एवढ्यापुरता उरला आणि कपाळावर डाग राहिला तो चुलतीच्या.

हा डाग गडद केला तो रंगभूमीने. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' हे नाटक १९०९ सालचे. नाटक म्हणून ते जबरदस्त आहे, ह्यात शंका नाही. त्यातली आनंदीबाई नवऱ्याच्या डळमळत्या मनाला धार लावते. तिच्यात लेडी मॅकबेथची छाया अभ्यासकांना दिसली आहे, आणि वाचताना आपल्यालाही दिसते. मॅकबेथ तोवर मराठीत आलाही होता. शिवराम महादेव परांजप्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा 'मानाजीराव' केला. पुढे १९५४ साली शिरवाडकरांचे 'राजमुकुट' आले. गंमत अशी, की 'राजमुकुट'मधली राणी आणि 'भाऊबंदकी'तली आनंदीबाई ह्या दोन्ही भूमिका दुर्गाबाई खोट्यांनी केल्या. त्यांचा आवाज आणि त्यांचा दरारा ज्यांनी चित्रपटांतून अनुभवला आहे, त्यांना सांगायला नको की त्या कशा उभ्या राहिल्या असतील.

आता समुद्रापलीकडची बाई पाहू. शेक्सपिअरच्या नाटकात तिला स्वतःचे नावसुद्धा नाही. नवऱ्याचे नाव तेच तिचे. पण इतिहासात तिला नाव आहे, ग्रुओख. ती राजघराण्यातली. पहिला नवरा उत्तरेकडच्या मोरे प्रांताचा अधिपती. १०३२ साली त्याला पन्नास माणसांसह जाळून मारले. पदरात एक मुलगा, लुलाख. त्यानंतर ती मॅकबेथशी विवाहबद्ध झाली.

नाटकात म्हातारा, भला राजा डंकन पाहुणा म्हणून येतो आणि झोपेत मारला जातो. प्रत्यक्षात डंकन तरुण होता. तो १०४० साली सैन्य घेऊन मोरेवर चालून गेला आणि एल्गिनजवळ मारला गेला. म्हणजे पाहुणाही नव्हे आणि बिछानाही नव्हे. त्यानंतर मॅकबेथने सतरा वर्षे राज्य केले. १०५० मध्ये तो रोमच्या यात्रेला गेला आणि तिथे गरिबांना पैसे वाटले, अशी नोंद आहे. राज्यात बंड धुमसत असते, तर राजा एवढा लांब जाता ना! १०५७ मध्ये डंकनचा मुलगा माल्कम ह्याने त्याला मारले. लुलाख काही महिने गादीवर बसला, तोही मारला गेला.

पुढे गादी माल्कमच्या वंशात राहिली आणि इतिहास लिहिणाऱ्यांनी मॅकबेथला काळे फासले. १५२७ मध्ये हेक्टर बोएसने लॅटिन ग्रंथात बँको नावाचा सरदार घातला, जो इतिहासात नव्हताच. त्याने मॅकबेथच्या बायकोला राणीपदासाठी हपापलेलीही केले. तेथून ही कथा हॉलिनशेडच्या बखरीत गेली आणि तिथून शेक्सपिअरकडे. नाटक १६०६ च्या सुमाराचे. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर स्कॉटलंडचाच राजा जेम्स होता, आणि तो स्वतःला बँकोचा वंशज समजत असे! मग बँको सज्जन ठरायलाच हवा.

मला सर्वांत नवल वाटते ते पुढचे. घरी आलेल्या राजाला झोपेत मारायला नवऱ्याला चिथावणारी बायको त्या बखरीत आहे, पण ती ग्रुओख नव्हे. ती डोनवाल्ड नावाच्या दुसऱ्याच सरदाराची बायको, आणि मेलेला राजा डफ हा डंकनच्या आधीचा. शेक्सपिअरने त्या बाईचे पाप उचलून हिच्या ओटीत घातले. नाटककाराला तेवढी मुभा असते, हे मान्य. पण आपण नाटक पाहून घरी येतो आणि इतिहास पाहिल्यासारखे बोलतो, त्याचे काय?

ह्याची उलट बाजू आपल्या नागपूर प्रांतातच आहे. आपला भाग तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. जानोजी १७७२ मध्ये वारले आणि मुधोजी व साबाजी ह्या भावांत गादीचा तंटा पेटला. पुण्यातल्या भांडणाचे धागे इथपर्यंत होते. राघोबादादांचा कौल मुधोजींना. जानेवारी १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत मुधोजींनी सख्ख्या भावाला गोळी घातली. ह्या तंट्यात जानोजींची विधवा दर्याबाईही होती. पण तिच्या नावाची म्हण झाली का? इथे किती जणींनी तिचे नाव ऐकले आहे? तिच्यावर 'भाऊबंदकी'सारखे गाजलेले नाटक झाले नाही, म्हणून ती सुटली.

आणखी एक गोष्ट मनात सलते. अक्षर फिरवायला आधी अक्षर यावे लागते. आनंदीबाईंना लिहितावाचता येत होते. ज्या काळी बहुतेक बायकांच्या हाती लेखणी नव्हती, त्या काळी लेखणी धरणाऱ्या बाईवर आरोप आला तोही लेखणीचाच. माझे असे मुळीच म्हणणे नाही की त्या गरीब गाय होत्या. सत्तेची हाव वाड्यात सगळ्यांनाच होती, त्यांनाही असेल. पण न्याय रामशास्त्र्यांच्या निवाड्याने करायचा की नाटकाच्या पडद्याने?

ग्रुओखच्या नावाचा एक जुना दाखला उरला आहे. लॉख लेव्हनच्या बेटावरच्या साधूंना राजा मॅकबेथ आणि राणी ग्रुओख ह्या दोघांनी मिळून जमीन दान दिली, अशी ती नोंद आहे. आनंदीबाईंचे शेवटचे दिवस नाशिकजवळ आनंदवल्लीला, पुणेकरांच्या नजरेखाली गेले. १७९४ मध्ये त्या वारल्या. मुलगा बाजीराव पेशवा झाला तो १७९६ मध्ये.

'भाऊबंदकी' आणि 'राजमुकुट' ही दोन्ही पुस्तके मी कपाटात ठेवते आहे. ज्यांना न्यायची असतील त्यांनी वहीत नाव लिहून न्यावीत. आधी 'राजमुकुट' वाचावे, मग 'भाऊबंदकी'.