आगारांतील रात्रपाळी

मुंबई शहरांत पहिली मोटार-बस धांवली ती १५ जुलै १९२६ रोजीं, अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. तेव्हांपासून ज्यांनीं ज्यांनीं शहरांतील बसनें प्रवास केला त्यांना दोन माणसें चांगलीं परिचयाचीं आहेत : एक चालक व दुसरा वाहक. एकाची पाठ आपल्याला दिसते, दुसऱ्याचा हात सुट्ट्या पैशांसाठीं आपल्यापुढें येतो. तिसरा मनुष्य मात्र आपल्या दृष्टीस कधींच पडत नाहीं, कारण आपण घरीं निजलेले असतों त्या वेळीं तो गाडीखालच्या खड्ड्यांत मान वर करून उभा असतो. त्याला कोणी फिटर म्हणतात, कोणी मेकॅनिक. वय व अनुभव वाढला म्हणजे तोच 'मिस्त्री' किंवा 'उस्ताद' होतो. आज त्याच्याविषयीं बोलावयाचें योजिलें आहे.

आयुष्यभर खडू हातीं धरलेल्या शाळामास्तराचा पान्या-पक्कडीशीं काय संबंध, असें आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. मी स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलों नाहीं आणि यंत्रशास्त्र मीं कोणत्याही शाळेंत शिकलों नाहीं. परंतु दिवसाची शाळा सुटल्यावर मी कित्येक वर्षें रात्रशाळेंत शिकवीत असें. तें शहर मुंबई नव्हे. नांव सांगण्याचें कारण नाहीं. शाळेजवळच बसगाड्यांचें आगार होतें, व तेथील पांच-सहा कामगार माझ्या वर्गांत येत. वरची जागा मिळण्यास थोडें इंग्रजी वाचतां यावें, एवढीच त्यांची अपेक्षा. वर्ग सुटला कीं डबा घेऊन ते तडक रात्रपाळीवर जात. यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तकांतील शब्दांचे अर्थ मी त्यांना सांगें, आणि त्या शब्दांमागची वस्तु ते मला समजावून देत. या देवघेवींत माझाच लाभ अधिक झाला.

रात्रीं दहा-अकरापासून गाड्या आगारांत परतूं लागतात. दिवसभरांत गाडीनें जी कुरबूर केली असेल ती चालकानें एका कागदावर लिहून ठेवावयाची असते. हे कागद भाषेच्या दृष्टीनेंही वाचण्यासारखे असत. 'ब्रेक लांब लागतो', 'चढाला दम नाहीं', 'मागें खडखड', 'गाडी डावीकडे ओढते'. एवढ्या दोन-तीन शब्दांवरून रोगाचें निदान करावयाचें. वैद्याला निदान रोग्याशीं बोलतां तरी येतें. येथें रोगी मुका, आणि त्याला घेऊन आलेला मनुष्य कागद ठेवून घरीं झोपावयास गेलेला.

'गाडी डावीकडे ओढते' ही तक्रारच पाहा. आपण सहज म्हणूं कीं डाव्या चाकांत बिघाड असावा. ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे ओढत असेल, तर अनुभवी फिटर आधीं उजवें चाक पाहतो. कारण असें कीं, डाव्या बाजूचा ब्रेक आपलें काम नीट करीत असतो आणि उजव्या बाजूचा कमी पडतो. म्हणून गाडीचें तोंड डावीकडे फिरतें. उजवा ब्रेक कां कमी पडला? चाकाबरोबर फिरणारा लोखंडी ड्रम, व त्याला आंतून जाऊन घासणारे लायनर, यांत झिजेमुळें अंतर पडलें असेल. किंवा चाकाच्या तुंब्यांतील तेल आटकाव फुटून लायनरवर आलें असेल. पहिल्या प्रकारांत अंतर कमी केलें कीं भागतें. दुसऱ्या प्रकारांत चाक उतरवून सारें उघडावें लागतें आणि अर्धी रात्र जाते. दोन्ही प्रकारांत कागदावरचे शब्द मात्र तेच. शिवाय चाकांतील हवा कमी असेल किंवा स्प्रिंगचा एखादा पाटा तुटला असेल तरीही गाडी ओढतेच. मीं पुष्कळ मुलांचीं गणितें तपासलीं. परंतु एकाच उत्तराच्या मागें इतक्या निरनिराळ्या चुका लपलेल्या मीं क्वचित् पाहिल्या.

या माणसांचे कान फार तयार असतात. चाकाच्या नटांवर ते हातोडीनें एकेक ठोका मारीत जातात. आवळलेला नट खणखणतो, सैल नटाचा आवाज बसका येतो. जुन्या पद्धतीच्या पुष्कळ अवजड गाड्यांत डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलट पाडलेले असत, म्हणजे चाकाच्या फिरण्यानें नट सैल होण्याऐवजीं आवळला जावा. नवशिका मुलगा तेथें नेहमींच्या संवयीनें पाना फिरवी, आणि सोडण्याऐवजीं आवळीत बसे. उस्ताद त्याला कांहीं सांगत नसत. तो दमला म्हणजे पाना आपल्या हातीं घेऊन एकदांच उलट फिरवून दाखवीत. ही शिकवण्याची रीत ट्रेनिंग कॉलेजांत मान्य होणार नाहीं, पण ती विसरली मात्र जात नसे.

आणखी एक लहानशी गोष्ट. बसचा ब्रेक हवेच्या दाबानें चालतो. इंजिनाबरोबर फिरणारा एक पंप बाहेरची हवा ओढून टांकींत कोंबतो. हवा दमट असली, आणि कोंकणपट्टींत ती बारमाही दमटच, म्हणजे दाबल्या गेलेल्या हवेंतील बाष्पाचें टांकींत पाणी होतें. तें रोज तोटी उघडून काढून टाकलें नाहीं तर पुढील झडपांना गंज चढतो. तोटी उघडावयास एक मिनिट लागतें, व एखाद्या रात्रीं ती उघडली नाहीं म्हणून दुसऱ्या दिवशीं कांहींही बिघडत नाहीं. महिनाभर उघडली नाहीं तरी कदाचित् कोणाला कळणार नाहीं. ज्याचा परिणाम आज दिसत नाहीं असें काम रोज करणें, आणि तेंही कोणी पाहत नसतांना, किती कठीण आहे हें ज्याला रोज मुलांचे शुद्धलेखन तपासावें लागलें आहे त्याला सांगावयास नको.

पावसाळ्यांतील काम निराळें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आपणांपैकीं पुष्कळांच्या स्मरणांत असेल. रस्त्यांच्या नद्या झाल्या व मोटारी जागच्या जागीं बुडाल्या. अशा वेळीं पाण्यांत बंद पडलेली गाडी पुनःपुन्हां चालू करून पाहण्याचा मोह अनावर होतो, आणि तोच घात करतो. डीझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्या वर येतांना आंतील हवा इतकी दाबली जाते कीं तिच्या उष्णतेनें तेल पेटतें. हवा दबते, पाणी दबत नाहीं. नळीवाटे पाणी आंत गेलें असेल तर वर येणारा दट्ट्या त्यावर आदळतो, आणि त्याला जोडलेला पोलादी दांडा वाकतो. जी गाडी नुसती ओढून आणली असती तर दोन दिवसांत रस्त्यावर आली असती, ती महिनाभर पडून राहते. म्हणून पुरांतून आलेल्या गाडीचें इंजिन फिटर प्रथम चालू करीत नाहीं. तो तेलाची पट्टी ओढून पाहतो. तेल दुधाळ दिसलें कीं पाणी मिसळलें असें समजावें. मग सगळें तेल काढणें, चाकांच्या तुंब्यांतील ग्रीस धुऊन नवें भरणें, ब्रेक उघडून वाळविणें. अशा एका गाडीचें काम असेल तर ठीक. पुरानंतर तशा रांगा लागतात.

आतां ज्या प्रसंगामुळें या माणसांविषयीं माझ्या मनांत विशेष आदर उत्पन्न झाला तो सांगतों. दुरुस्ती झाल्यावर 'गाडी ठीक' अशी सही फिटरला करावी लागते. तिच्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाहीं. माझ्या वर्गांतील एका गृहस्थांकडे एका रात्रीं 'ब्रेक लांब लागतो' अशी तक्रारीची गाडी आली. त्यांनीं अंतर जुळविलें, गाडी आवारांत फिरवून पाहिली, पण मनाचें समाधान झालें नाहीं. चाक उतरविलें तों ड्रमला बोटभर चीर गेलेली. नवा ड्रम कोठींतून सकाळीं दहाशिवाय मिळण्यासारखा नव्हता, आणि पहिली फेरी पहाटे पांचच्या आंत सुटावयाची. जादा गाडी एकही शिल्लक नव्हती. वरिष्ठ म्हणाले, "चीर काय आज पडली आहे? एक फेरी मारून येऊं द्या, मग पाहूं." वरिष्ठांचेंही सर्वस्वीं चुकत होतें असें मी म्हणणार नाहीं. पहिल्या बसची वाट पाहणारे लोक म्हणजे इस्पितळांतील परिचारिका, भाजीवाल्या बायका, पहिल्या पाळीचे कामगार. त्यांची बस चुकली तर त्यांचा दिवस बुडतो, व फेरी रद्द झाल्याबद्दल जाब वरिष्ठांनाच द्यावा लागतो. पण या गृहस्थांनीं सही केली नाहीं. फेरी रद्द झाली.

दुसऱ्या दिवशीं त्यांच्या हातीं लेखी स्पष्टीकरण मागणारा कागद आला, आणि तो घेऊन ते रात्रीं वर्गांत आले. उत्तर लिहून देण्याचें काम माझ्याकडे. मीं मजकूर विचारला. ते म्हणाले, "गुरुजी, एवढेंच लिहा : ड्रमला चीर होती, म्हणून सही केली नाहीं." अर्जाच्या शेवटीं 'झाल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहें' असें लिहिण्याची रीत असते, तें घालूं का, असें मीं विचारलें. त्यावर ते म्हणाले, "दिलगिरी कशाची, गुरुजी? चीर कांहीं मीं पाडली नाहीं." तेव्हां दोन ओळींचें तें उत्तर तसेंच गेलें. पुढें त्याचें कांहीं झालें नाहीं. शाबासकी नाहीं, शिक्षाही नाहीं. ती गाडी त्या सकाळीं गेली असती तर काय झालें असतें हें कोणालाच सिद्ध करतां येणार नाहीं. कदाचित् कांहींच झालें नसतें. फिटरच्या चांगल्या कामाचा पुरावा कोठेंच शिल्लक राहत नाहीं, आणि हीच त्याच्या धंद्यांतील मोठी अडचण आहे.

या धंद्यांत विद्या एका पिढीस पुरत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. मुंबईस १९३७ सालीं दुमजली बस आली. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल दुर्मिळ झालें तेव्हां आपल्या देशांत कोळशाच्या वायूवर मोटारी चालवीत. गाडीच्या मागें शेगडीवजा बंब असे, आणि त्याची राख व काजळी काढतां काढतां कामगारांचा चेहरा ओळखूं येईनासा होई. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं बेस्ट कंपनी मुंबई महापालिकेच्या ताब्यांत आली. ३१ मार्च १९६४ रोजीं ट्राम बंद झाली. पेट्रोलच्या जागीं डीझेल आलें, मग नळकांड्यांत दाबून भरलेला वायु आला, आतां वीज आली आहे. जुनी डीझेलवरील दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजीं शेवटची धांवली, तेव्हां लोकांनीं तिला हार घातले. तिच्या देखभालींत ज्यांचे केंस पांढरे झाले त्यांच्या गळ्यांतही एखादा हार पडावयास हरकत नव्हती.

परंतु यंत्र बदललें याची मला चिंता वाटत नाहीं. यंत्र माणूस शिकतो. चिंता दुसरीच आहे. बेस्टनें अलीकडील वर्षांत भाड्याच्या गाड्यांचें धोरण स्वीकारलें : गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचा, देखभालही त्याचीच, आणि उपक्रमानें किलोमीटरप्रमाणें पैसे द्यावयाचे. स्वतःच्या मालकीच्या गाड्या उत्तरोत्तर कमी होत गेल्या. २०२३ च्या फेब्रुवारींत अशा भाड्याच्या गाड्यांना महिनाभरांत तिसऱ्यांदा आग लागली, तेव्हां एका कंत्राटदाराच्या ४०० गाड्या रस्त्यावरून काढून घ्याव्या लागल्या. कंत्राटदार सारे वाईट, असें माझें म्हणणें नाहीं. त्यांच्याकडील फिटरही आपल्याच लोकांपैकीं आहेत. पण कंत्राट ठराविक वर्षांचें असतें. नुसत्या हातोडीच्या आवाजावरून नट ओळखणारा मनुष्य तयार होण्यास जीं वर्षें लागतात त्यांचा खर्च कोणी करावयाचा? पूर्वी उस्तादाच्या हाताखालीं उमेदवार असे, आणि गाडी तेथेंच वर्षानुवर्षें राहत असल्यामुळें तिचा स्वभाव दोघांनाही ठाऊक असे. आणि उद्यां ड्रमला चीर सांपडली, तर 'सही करीत नाहीं' म्हणणाऱ्या कंत्राटी मुलाची नोकरी संध्याकाळपर्यंत टिकेल काय? शहराच्या कारभाऱ्यांना तिकिटाच्या दरावर बोलावयास पुष्कळ वेळ मिळतो. हा प्रश्न कोणी विचारलेला माझ्या तरी ऐकण्यांत नाहीं.

ज्यांचा प्रसंग सांगितला त्यांचे चिरंजीव आज विजेच्या बसगाड्यांच्या आगारांत काम करतात. मध्यंतरीं पितापुत्र दोघेही माझ्याकडे आले होते. मुलगा सांगत होता कीं, या गाडीला क्लच नाहीं, इंजिनचें तेल नाहीं. वेग कमी करतांना मोटारच उलट वीज निर्माण करते, त्यामुळें ब्रेकचे लायनरही फार दिवस टिकतात. जाड नारिंगी तारांना मात्र हात लावावयाचा नाहीं. आधीं वीज तोडावयाची, कांहीं मिनिटें थांबावयाचें, रबरी हातमोजे घालावयाचे, मोजून पाहावयाचें, आणि मगच पाना उचलावयाचा. वडील सारें ऐकून घेत होते. शेवटीं त्यांनीं विचारलें, "म्हणजे आतां गाडीला आवाज नाहींच?" मुलगा म्हणाला, "आहे ना, बाबा. इंजिनाची घरघर गेल्यामुळें चाकाच्या बेअरिंगचा आवाज आतां आधींपेक्षां लवकर कळतो." "कसा येतो?" असें त्यांनीं विचारलें, आणि मुलगा दांतांवर जीभ ठेवून तो आवाज काढून दाखवूं लागला. वडिलांनीं मान हलविली व दुसरा काढून दाखविला. चहा निवून गेला तरी दोघांचें तेंच चाललें होतें.