मोजदादीचा कागद आणि यंत्रांची निवड



गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गाव आहे. पुष्कळांना ते ऐकून माहीत असेल. २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क ज्या गावांना पहिल्यांदा मिळाला, त्यांत मेंढ्याची गणना होते. पण हक्क मिळाला आणि दुसऱ्या दिवशी बांबू विकला, असे काही झाले नाही. माल रस्त्यावरून न्यायचा म्हणजे वाहतूक परवाना पाहिजे. त्या परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला २७ एप्रिल २०११ हा दिवस उजाडावा लागला. केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्यासाठी गावात आले होते. म्हणजे पाहा, जंगल होते, बांबू होता, कायदा होता. अडले होते ते एका छापील पुस्तकापाशी!

आज मी बोलणार आहे ते अशा कागदाबद्दल आणि तो तयार करणाऱ्या यंत्रांबद्दल. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात आता गावोगावी मोजदादीच्या आणि मूल्यमापनाच्या लहान लहान कचेऱ्या लागतात. कुठे ग्रामसभा बांबूची मोजणी करते, तेंदूच्या फळीवर पुड्यांचा हिशेब ठेवते. कुठे वनहक्क समिती दाव्याच्या जमिनीची पाहणी करते. तालुक्याच्या गावी एखादा शिकलेला तरुण घरांची किंवा मालकी सागाच्या झाडांची किंमत ठरवून देण्याचे काम सुरू करतो. एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. मग प्रश्न येतो, छपाईचे यंत्र कोणते घ्यावे? कॅमेरा वेगळा घ्यावा की मोबाईलवर भागेल? दुकानदार तर सर्वच यंत्रे उत्तम म्हणून सांगतो.

माझे म्हणणे असे की यंत्राकडे पाहण्याआधी कागदाकडे पाहावे. हा कागद कुठे कुठे जाणार? तो नाकेदाराच्या हातात जाईल, तहसील कचेरीत जाईल, उपविभागीय समितीपुढे जाईल. कदाचित दहा वर्षांनी कोर्टात जाईल. मधल्या काळात तो कुडाच्या घरात, लोखंडी पेटीत, दहा पावसाळे काढील. इतके सोसून जो वाचता येईल तो खरा कागद. त्याच्यावर एखाद्या कुटुंबाची दोन एकर बांधी अवलंबून असते.

आता छपाईचे घेऊ. बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत, शाईची आणि भुकटीची. पहिलीला इंकजेट म्हणतात, दुसरीला लेसर. शाईच्या यंत्रांतही हल्ली टाकीवाली आली आहेत. बाटलीतून शाई ओतायची, खर्च थोडा. पण शाई शाईत फरक असतो. काही शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या असतात, काहींत रंगाचे बारीक कण असतात आणि ते कागदावर घट्ट बसतात. पुष्कळ यंत्रांत काळी शाई कणांची आणि रंगीत शाई विरघळणारी, अशी मिसळ असते. दुकानात उभे असतानाच एक पान छापून घ्या. दहा मिनिटे वाळू द्या आणि त्यावर बोटाने पाण्याचा थेंब सोडा. अक्षर पसरले तर ते यंत्र लग्नपत्रिकेसाठी ठेवा, पंचनाम्यासाठी नको. दुकानदार कपाळाला आठ्या घालील, घालू द्या.

लेसर यंत्रात भुकटी तापवून कागदावर वितळवतात. ही भुकटी प्लॅस्टिकच्या जातीची असते, म्हणून पाण्याने अक्षर पसरत नाही. पान झपाट्याने निघते. महिनाभर यंत्र बंद ठेवले तरी बिघडत नाही. शाईच्या यंत्राचे तसे नाही. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूरचे ऊन कसे असते ते मी सांगायला नको. पंधरा दिवस यंत्र चालवले नाही की शाईची बारीक भोके सुकून बुजतात. आठवड्यातून एक रंगीत पान छापायचेच, असा नेम ठेवावा लागतो.

मग लेसरच घ्यावे का? इथे विजेचा प्रश्न आड येतो. भुकटी वितळवायची म्हणजे उष्णता हवी, आणि ते तापताना लेसर यंत्र एकदम शेकडो वॅट वीज ओढते. लहान इन्व्हर्टरला ते झेपत नाही. कधी इन्व्हर्टर बंद पडतो, कधी बिघडतो. शाईचे यंत्र थोडक्या विजेवर चालते, सौर पेटीवरही चालू शकते. तेव्हा ब्रह्मपुरी, वडसा, राजुरा अशा ठिकाणी, जिथे वीज बऱ्यापैकी टिकते, तिथे साधे काळ्या छपाईचे लेसर घ्यावे. भामरागडकडच्या गावाला, जिथे पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो, तिथे कणांची काळी शाई असलेले टाकीवाले यंत्र बरे. आणि शाईच्या दोन जादा बाटल्या पावसाळ्याआधीच आणून ठेवाव्यात. किंमत विचारताना यंत्राची विचारू नका, पानाची विचारा. एका डब्यात किती पाने निघतात आणि तो डबा गडचिरोलीच्या बाजारात मिळतो की नागपूरला जावे लागते, एवढे समजले की हिशेब उलगडतो.

कागदाबद्दलही दोन शब्द. या जंगलांतल्या बांबूचा लगदा होऊन बल्लारपूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षे कागद तयार झाला. त्या कागदाचे कौतुक आपल्याला असायला हरकत नाही. पण कोणताही कागद श्रावणात उघडा पडला की ओल धरतो, यंत्रात अडकतो, भुकटीही नीट धरत नाही. गठ्ठा वेष्टणातच ठेवावा, लागतील तेवढीच पाने काढावीत. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. लेसरवर छापलेले पान मऊ, चकचकीत प्लॅस्टिकच्या पाकिटात वर्षभर ठेवले, की अक्षरे पाकिटाला चिकटून येतात. साध्या पुठ्ठ्याची फाईल त्याहून चांगली. सही बॉलपेननेच घ्यावी. जेलची शाई बहुधा पाण्याने पसरते. वजनकाट्याच्या पातळ चिठ्ठ्या तर उष्णतेच्या छपाईच्या असतात, काही महिन्यांत कोऱ्या होतात. त्यांची त्याच दिवशी नक्कल काढावी.

आता कॅमेरा. वेगळा कॅमेरा घेण्याची गरज बहुतेक कचेऱ्यांना नाही. चांगला मोबाईल पुरतो, फक्त तो कचेरीचा असावा, कोणाच्या घरचा नसावा. मुलाने खेळता खेळता छायाचित्रे पुसली, मोबाईल विकला, माणूस गाव सोडून गेला, तर पुरावाही त्याच्याबरोबर गेला. घेताना मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नये. अंधाऱ्या घरात चित्र स्पष्ट येते का आणि बॅटरी दिवसभर टिकते का, हे पाहावे.

मोबाईल उपग्रहांवरून आपली जागा ओळखतो. त्यासाठी नेटवर्क लागत नाही. नेटवर्क नसले की वेळ मात्र जास्त लागतो. तेव्हा उघड्यावर उभे राहून जागेचा आकडा स्थिर होऊ द्यावा, मग चित्र घ्यावे. दाट बांबूखाली हा आकडा काही मीटर इकडेतिकडे जातो. धुऱ्याचा वाद असेल तर टेपनेही मोजावे. मोबाईलचे घड्याळ आणि तारीख बरोबर आहे ना, हेही सकाळी निघताना पाहावे.

चित्रे तीन अंतरांवरून घ्यावीत. पहिले लांबून, ज्यात बोडी, देऊळ, मोठे मोहाचे झाड असे न हलणारे काहीतरी येते. दुसरे मधून. तिसरे जवळून, आणि त्यात मोजपट्टी किंवा खुणा केलेली काठी ठेवून. रानडुकरांनी धानाचा पुंजना उधळला, तर नुसत्या उधळलेल्या धानाचे चित्र कोणत्याही शेतातले असू शकते. काठीही दिसली, पाटीवर तारीख आणि प्रकरणाचा नंबरही दिसला, मागे ओळखीची बोडीही दिसली, की बोलणाऱ्याचे तोंड बंद होते.

हे चित्र मग व्हॉट्सॲपवर पाठवले जाते, आणि तिथे घोटाळा होतो. नेहमीच्या पद्धतीने पाठवले की चित्र लहान होते आणि त्याच्या पोटातली जागेची व वेळेची नोंद गळून जाते. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. मूळ चित्र मोबाईलमधून संगणकात जसेच्या तसे उतरवून ठेवावे. कापू नये, उजळ करू नये.

याला कायद्याचेही कारण आहे. जालना मतदारसंघातल्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. त्यात निवडणूक कचेरीतल्या कॅमेऱ्यांच्या चित्रफितीचा प्रश्न होता. २०२० साली न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्रच पुढे आणले नाही, आणि नक्कल दिली, तर तिच्याबरोबर कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र द्यावेच लागेल. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ मध्येही हे प्रमाणपत्र आहे. एक भाग यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाईलचा 'हॅश' लिहायचा. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा समजा. चित्रात एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. चित्र संगणकात उतरवले त्याच दिवशी तो काढून वहीत लिहून ठेवणे फार सोपे आहे.

मात्र यंत्राचा भर एवढाही नको की माणूस मागे पडावा. वनहक्काच्या नियमांत २०१२ साली स्पष्ट लिहिले गेले, की उपग्रहाची चित्रे इतर पुराव्याला पूरक आहेत, त्याची जागा ती घेऊ शकत नाहीत. गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हा नियम १३ प्रमाणे पुरावाच आहे. माडिया आजोबा आपल्या भाषेत सांगत असतील, तर मोबाईलवर त्यांचा आवाज जरूर घ्यावा. पण लगेच लिहून, वाचून दाखवून, अंगठा घ्यावा.

जुने कागद सांभाळण्याचे काम शिक्षकांनी हाती घ्यावे असे मला वाटते. निस्तार पत्रक, जुना नकाशा, पटवाऱ्याची नोंद मोबाईलने स्कॅन करता येते. पण स्कॅनचा ॲप कागद पांढराशुभ्र करून देतो, त्याला फसू नये. त्या सफेदीत पेन्सिलीची खूण आणि फिकट शिक्का धुऊन जातो. रंगीतच ठेवावे. सपाट काचेचा स्कॅनर असला तर ३०० डीपीआय पुरे. ऑनलाईन मिळणाऱ्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्याचीही एक गंमत आहे. खरी सही फाईलमध्ये असते, छापल्यावर कागदावर तिचे चित्र उरते. म्हणून मूळ पीडीएफ फाईल पुसू नये.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या फाँटमध्ये लिहिलेला अहवाल दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांचा खच पडतो. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, गाव आणि दाव्याचा नंबर लिहावा. फाईली आपोआप क्रमाने लागतात. एक प्रत कचेरीच्या संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर दुसऱ्या गावी, एक इंटरनेटच्या साठ्यावर. पेन ड्राईव्ह ने-आण करायला ठीक आहे, साठवणीला नाही.

पैसे थोडे असतील तर आधी मोबाईल आणि हार्ड डिस्क घ्या, छपाईचे यंत्र नंतर. पाने तालुक्याला जाऊनही छापता येतात. पण पुंजना उधळला त्या सकाळचे चित्र त्याच सकाळी घ्यावे लागते.